शिक्षा फेब्रुवारीत, राजीनामा डिसेंबरात

माणिकराव कोकाटे यांनी २० फेब्रुवारी २०२५ च्या संध्याकाळीच मंत्रिपद सोडायला हवं होतं. त्या दिवशी नाशिकच्या न्यायदंडाधिकारी न्यायालयाने राज्याच्या कृषिमंत्र्याला फसवणूक आणि बनावट कागदपत्रांच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं, दोन वर्षांची कैद आणि ५० हजार रुपये दंड सुनावला. राजीनामा आला डिसेंबरात. मधल्या दहा महिन्यांत या विषयावर ज्यांनी ज्यांनी तोंड उघडलं, त्यांतल्या बहुतेकांनी आधी स्वतःचा झेंडा पाहिला आणि मग मत ठरवलं. मी नाशिकचा आहे आणि मला या प्रकाराचा संताप आहे. तो एका कोकाट्यांपुरता नाही.

खटला कशाचा होता ते आधी सांगतो, कारण पुढच्या गदारोळात लोक तेच विसरले. नागरी जमीन कमाल धारणा कायदा १९७६ साली आला. त्याखाली बिल्डरांना जमिनीची सूट मिळायची आणि त्या बदल्यात काही घरं सरकारच्या हवाली करावी लागायची. त्यालाच लोक मुख्यमंत्र्यांचा दहा टक्के कोटा म्हणत. ही घरं ज्यांचं उत्पन्न तुटपुंजं आहे आणि शहरात ज्यांच्या नावावर दुसरं घर नाही, अशांसाठी होती. १९९५ च्या सुमारास कॉलेज रोडजवळच्या येवलेकर मळ्यातल्या एका इमारतीत कोकाटे बंधूंना या कोट्यातून सदनिका मिळाल्या. त्यासाठी आपलं उत्पन्न कमी आहे, आपल्याला घर नाही, असं त्यांनी लिहून दिलं. माजी मंत्री तुकाराम दिघोळे यांनी तक्रार केली, सरकारवाडा पोलिसांत गुन्हा दाखल झाला आणि निकाल लागायला २०२५ उजाडलं. तोवर दिघोळे हयात राहिले नव्हते.

आता त्या माणसाचा विचार करा, ज्याच्यासाठी ती घरं राखून ठेवली होती. सातपूरला नाहीतर अंबडला पाळी करणारा कुणी कामगार, पंचवटीत नाहीतर जुन्या नाशकात दोन खोल्यांत सहा माणसं घेऊन राहणारा कुणी कारकून. त्याच्या वाट्याचं घर दुसऱ्याने घेतलं. त्याचं नाव एकाही नेत्याच्या पत्रकात आलं नाही, ना राजीनामा मागणाऱ्यांच्या, ना राजीनामा नाकारणाऱ्यांच्या.

मंत्र्यांच्या बाजूने पहिला बचाव आला तो राजकीय वैराचा. दिघोळेही सिन्नरचे, कोकाटेही सिन्नरचे. एकाच मतदारसंघावर दोघांचा डोळा, म्हणून तक्रार झाली. असेल तसं. पण विरोधकाने दाखवला म्हणून खोटा कागद खरा होत नाही. आपल्याकडे सत्तेतल्या माणसाचं काही उघडकीला येतं ते बहुतेकदा त्याच्या वैऱ्यामुळेच, कारण कागदपत्रं उकरून काढायची फुरसत आणि हिंमत दुसऱ्या कुणाकडे नसते. वैरी कोण होता, हे विचारून झालं असेल तर कागद काय होता तेही विचारा.

दुसरा बचाव जास्त गंभीर होता, कारण तो न्यायालयात टिकला. ५ मार्चला नाशिकच्या सत्र न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली. स्थगिती दिली नाही तर आमदारकी जाईल, पोटनिवडणूक घ्यावी लागेल आणि जनतेचा पैसा खर्च होईल, असाही विचार त्यात मांडला गेला. मला तो युक्तिवाद पटलेला नाही. पटला असता तरी तो आमदारकीपुरता होता. आमदारकी सिन्नरच्या मतदारांनी दिली होती. मंत्रिपद मतदारांनी दिलेलं नव्हतं. संविधानाच्या अनुच्छेद १६४ प्रमाणे मंत्री नेमले जातात ते मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने, आणि राज्यपालांची मर्जी असेतोवर पदावर राहतात. म्हणजे खरं तर मुख्यमंत्र्यांना हवे असेतोवर. मंत्रिपद काढायला पोटनिवडणूक लागत नाही, मतदानयंत्रं लागत नाहीत, एक रुपयाही खर्च येत नाही. एक पत्र लागतं. ते पत्र मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मागितलं नाही, कोकाट्यांच्या पक्षाचे प्रमुख अजित पवार यांनी दिलं नाही आणि कोकाट्यांनी स्वतःहून लिहिलं नाही. अपील करायचा हक्क प्रत्येक आरोपीला आहे आणि तो असलाच पाहिजे. वरच्या न्यायालयाची स्थगिती त्याला तुरुंगापासून वाचवते, हेही योग्यच. पण अपील चालू असताना मंत्र्याच्या दालनात बसण्याचा हक्क कुठल्या कायद्यात लिहिला आहे?

आमदारकीच्या बाबतीतही सगळ्यांना एक माप लागलं नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यात दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की अपात्रता येते. लिली थॉमस खटल्यात १० जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आमदार-खासदारांना अपिलासाठी मिळणारं तीन महिन्यांचं कवच काढून घेतलं. त्यानंतर निकाल लागला की जागा गेली, असाच अर्थ उरतो. राहुल गांधींना सुरतच्या न्यायालयाने २३ मार्च २०२३ ला दोषी ठरवलं, २४ ला खासदारकी गेली. नागपूर जिल्हा बँक घोटाळ्यात सुनील केदार यांना २२ डिसेंबर २०२३ ला शिक्षा झाली, दोन दिवसांच्या आत आमदारकी गेली. कोकाट्यांच्या निकालानंतर स्थगिती मिळेपर्यंत तेरा दिवस गेले आणि विधिमंडळातून अधिसूचना निघाली नाही. ते दोघे काँग्रेसचे होते आणि हे सत्ताधारी आघाडीचे, याहून वेगळं कारण मला कुणी सांगितलेलं नाही.

इथवर वाचून विरोधी पक्षातले वाचक खूश झाले असतील, तर त्यांनी पुढचंही वाचावं.

कोकाटे १९९९ आणि २००४ साली सिन्नरहून निवडून आले ते शिवसेनेच्या तिकिटावर. २००९ साली काँग्रेसच्या. २०१४ साली भाजपने त्यांना उभं केलं आणि ते पडले. २०१९ साली शरद पवारांच्या अखंड राष्ट्रवादीने तिकीट दिलं आणि ते पुन्हा आमदार झाले. या सगळ्या काळात सदनिकांचा खटला प्रलंबित होता आणि ही गोष्ट सिन्नर-नाशकात कुणापासून लपलेली नव्हती. राज्यातल्या चारही मोठ्या पक्षांनी हा माणूस तपासून, जोखून, जिंकू शकतो म्हणून घेतला. त्यांतलेच पक्ष २०२५ मध्ये सभागृहाच्या पायऱ्यांवर फलक घेऊन उभे राहिले. शरद पवार गटाचे आमदार रोहित पवार आणि कोकाटे जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटेपर्यंत एकाच पक्षाच्या बाकांवर बसत होते. तेव्हा त्या सदनिका कुणालाच टोचल्या नाहीत.

महाविकास आघाडी सरकारमधले मंत्री नवाब मलिक यांचं प्रकरण आठवा. २३ फेब्रुवारी २०२२ ला ईडीने त्यांना अटक केली. भाजपने अधिवेशनात राजीनाम्यासाठी रान उठवलं. तुरुंगातला मंत्री म्हणजे महाराष्ट्राला कलंक, असा त्यांचा सूर होता. महाविकास आघाडीने राजीनामा घेतला नाही. खाती काढून घेतली आणि सरकार पडेपर्यंत त्यांना बिनखात्याचे मंत्री म्हणून ठेवलं. अटक म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे, असं तेव्हा आघाडी म्हणत होती, आणि त्या म्हणण्यात तथ्य होतं. पण मग तीन वर्षांनी अटकेवर नव्हे, तर न्यायालयाच्या निकालावर प्रश्न आला, तेव्हा भाजपची ती नैतिकता कुठे गेली? त्याच सरकारमधले मंत्री संजय राठोड यांच्यावर एका तरुणीच्या मृत्यूवरून आरोप झाले, तेव्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांचा राजीनामा भाजपनेच आंदोलन करून घ्यायला लावला. ९ ऑगस्ट २०२२ ला तेच राठोड भाजपच्या मांडीला मांडी लावून पुन्हा मंत्री झाले. पोलिसांनी त्यांना निर्दोष ठरवलं, असं सांगण्यात आलं. आरोप तोच, माणूस तोच. फक्त तो कुणाच्या बाकावर बसतो ते बदललं होतं.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती जुलै महिन्याची. विधान परिषदेत बसून मोबाइलवर रमी खेळतानाचं कृषिमंत्र्यांचं चित्रण रोहित पवारांनी समोर आणलं आणि महाराष्ट्र पेटला. पत्ते उधळले गेले, वाहिन्यांवर रात्रंदिवस तेच. ती जाहिरात होती, मी ती बंद करत होतो, असा खुलासा मंत्र्यांनी केला. ते लाजिरवाणं होतं, यात वाद नाही. पण मोबाइलवरचे पत्ते जास्त मोठा अपराध की गरिबाचं घर? मार्चनंतर सदनिकांचा विषय विरोधकांनी जवळजवळ सोडून दिला होता. निकालपत्र वाचायला वेळ लागतो, चित्रण मात्र क्षणात पाहून होतं. म्हणून विरोधकांनी सोपं ते उचललं. लातुरात छावा संघटनेच्या कार्यकर्त्याने अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे प्रदेशाध्यक्ष सुनील तटकऱ्यांपुढे पत्ते टाकले, तर त्याला राष्ट्रवादीच्या युवक आघाडीचे सूरज चव्हाण आणि त्यांच्या माणसांनी मारहाण केली. चव्हाणांना पद सोडायला लावलं आणि महिना उलटायच्या आत त्यांना प्रदेश सरचिटणीस केलं. राजीनाम्याला या पक्षाच्या लेखी काय किंमत आहे, ते त्यावरून कळावं.

सरकारने काय केलं? ३१ जुलैला कृषी खातं काढून दत्तात्रय भरणे यांच्याकडे दिलं आणि कोकाट्यांना क्रीडा आणि अल्पसंख्याक विकास ही खाती दिली. शेतकऱ्यांसाठी अयोग्य ठरलेला मंत्री खेळाडूंसाठी आणि अल्पसंख्याकांसाठी योग्य कसा ठरतो, याचं उत्तर कुणी दिलं नाही. त्याआधी याच मंत्र्यांनी आपल्या जिल्ह्यात माडसांगवीला शेतकऱ्यांना सुनावलं होतं की कर्जमाफीच्या पैशांतून तुम्ही साखरपुडे आणि लग्नं करता. मे महिन्यात अवकाळीने कांदा सडला, तर शेतातल्या ढेकळांचे पंचनामे करायचे का, असं विचारलं होतं. त्या उन्हाळ्यात नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला आपल्याच जिल्ह्याचा कृषिमंत्री असून काय मिळालं, ते लासलगावच्या बाजार समितीत उभं राहून कुणालाही विचारा.

१६ डिसेंबरला सत्र न्यायालयाने शिक्षा कायम केली. अटकेचं वॉरंट निघालं. मग मात्र दोन दिवसांत खाती गेली, राजीनामा आला आणि कायद्याचं राज्य व्यक्तीपेक्षा मोठं आहे, असं अजित पवारांनी जाहीर केलं. हे तत्त्व फेब्रुवारीतही तेवढंच खरं होतं. फरक पडला तो वॉरंटामुळे. उच्च न्यायालयाने जामीन दिला, पण दोषसिद्धी थांबवायला नकार दिला. २२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने आमदारकी तात्पुरती वाचवली, लाभाचं पद मात्र घेता येणार नाही असं बजावलं. म्हणजे जी रेषा मुख्यमंत्र्यांनी फेब्रुवारीत ओढायची होती, ती शेवटी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला ओढावी लागली: आमदार म्हणून राहा, पण पदावर नको.

आणि दिल्लीत काय चाललं आहे? २० ऑगस्ट २०२५ ला केंद्राने १३० वी घटनादुरुस्ती मांडली. पाच वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात सलग ३० दिवस कोठडीत राहिलेला मंत्री, मुख्यमंत्री, अगदी पंतप्रधानही पदावरून जाईल, अशी तिची तरतूद. ही दुरुस्ती कोकाट्यांच्या प्रकरणाला लावून पाहा. दोषी ठरले, पण कोठडीत एक रात्रही काढावी लागली नाही. म्हणजे त्यांच्या खुर्चीला धक्का नाही. उलट ज्याच्यावर अजून खटलाही उभा राहिलेला नाही, अशा माणसाला तपास यंत्रणेने महिनाभर आत ठेवलं की त्याचं पद जाणार. अटक पोलिसांच्या हातात असते आणि पोलीस सरकारच्या. निकाल न्यायाधीशाच्या हातात असतो. सरकारला पद घालवायचा अधिकार पहिल्याकडे हवा आहे, दुसऱ्याकडे नको. मला नेमकं उलट हवं आहे: कोणत्याही न्यायालयाने दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा सुनावली की मंत्रिपद त्याच दिवशी संपावं, स्थगिती मिळो वा न मिळो, आणि अपिलात निर्दोष सुटल्यावरच ते परत घेता यावं. सगळ्या पक्षांना सारखा लागू होणारा एवढा साधा नियम विरोधकांनीही एकदा तरी अशासकीय विधेयक म्हणून मांडायला हवा होता.

सिन्नरची माणसं मला सांगतात, कोकाटे कामाचा माणूस आहे, फोन उचलतो, पाण्यासाठी भांडतो. असेल. दुष्काळी तालुक्यात पाणी आणणाऱ्याची किंमत मला कळते, ती कमी लेखायची माझी इच्छा नाही. पण काम करणाऱ्या आमदाराने मंत्रिपद सोडल्याने सिन्नरचं कोणतं काम अडलं असतं? आपला माणूस म्हणून पाठीशी उभं राहायचं असेल तर खुशाल राहा. पण येवलेकर मळ्यातलं घर ज्याला मिळायला हवं होतं, तोही याच जिल्ह्यातला कुणीतरी आपलाच होता.

१५ जानेवारी २०२६ ला नाशिक महापालिकेचं मतदान झालं. २०१७ नंतर पहिल्यांदाच. मार्च २०२२ पासून तोवर इथे प्रशासक बसले होते. निवडणूक आली की सगळ्या पक्षांचे उमेदवार दारात येतात, रस्त्यांचं बोलतात, कुंभमेळ्याचं बोलतात. मला प्रत्येकाला एकच विचारायचं आहे: २० फेब्रुवारीला तुम्ही कोणत्या पक्षात होता आणि त्या दिवशी काय बोललात? मंत्री तुमच्या पक्षाचा असता तर हेच बोलला असता का? उत्तर सगळ्यांदेखत द्या. आणि तुमच्या प्रतिज्ञापत्रात उत्पन्नाचा आणि घरांचा जो आकडा लिहिला आहे, तोही त्याच वेळी वाचून दाखवा.