शाडूची टंचाई आपणच निर्माण करतो



भाद्रपद जवळ आला की अहिल्यानगरच्या बाजारात ‘शुद्ध शाडूच्या मूर्ती’ अशा पाट्या दिसू लागतात. शाडू महाग का, असे विचारले तर ‘माती मिळत नाही’ हे उत्तर ठरलेले. या उत्तराचा आज थोडा विचार करू.

आपल्या जिल्ह्यात मातीला काय तोटा? परंतु येथील काळी माती पाण्याने फुगते व वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा तुम्ही पाहिल्याच असतील. तशाच भेगा मूर्तीला पडतील. म्हणून बारीक कणांची, फिकट रंगाची शाडू गुजरातेतून आणावी लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती नकोत अशा सुधारित सूचना काढल्या. साहजिकच शाडूचे मोल वाढले, आणि मोल वाढले की भेसळीचा मोह आलाच.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. चीनमधील यीशिंग गावाजवळ ‘त्झशा’ नावाची माती मिळते. तिच्या चहाच्या किटल्या जगप्रसिद्ध आहेत. माती दुर्मिळ झाली तशी साध्या मातीत रंग मिसळून तीच ‘अस्सल’ म्हणून विकली जाऊ लागली.

मात्र त्या मातीत आणि आपल्या शाडूत एक महत्त्वाचा फरक आहे. किटली भट्टीत भाजतात. पाचसहाशे अंश सेल्सिअसच्या पुढे चिकणमातीच्या कणांच्या रचनेत बांधलेले पाणी निघून जाते. मग ती पुन्हा भिजून मऊ होत नाही. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ साली उत्खनन झाले. तेथील तांबड्या खापरांवरची काळी नक्षी तीन हजार वर्षांनंतरही टिकून आहे. भाजलेली माती अशी कायमची खर्ची पडते.

शाडूची मूर्ती आपण भाजत नाही, फक्त वाळवतो. कणांमधले पाणी उडून जाते, एवढेच. पाण्यात टाकताच ती पुन्हा पहिल्यासारखी माती होते. मग ती नदीत का सोडायची? नदीत गेलेली शाडू पुन्हा हाती लागत नाही, आणि तिच्या गाळाने पाणीही गढूळ होते. माझे स्पष्ट मत असे की, शाडूची टंचाई निसर्गाने कमी आणि आपण जास्त निर्माण केली आहे.

मूर्तीचे विसर्जन घरीच बादलीत करा. त्याआधी हार, फुले, वस्त्रे काढून ठेवा. माती विरघळली की कापडातून गाळा, तळाशी बसू द्या, वरचे पाणी काढा आणि सावलीत वाळवा. मूर्ती साध्या मातीच्या रंगांनी रंगवलेली असेल तर हे काम सोपे होते. म्हणून घेतानाच तशी मागा. वाळलेली माती शाळेत जमा करून मूर्तिकाराला परत देता येईल.

याच बादलीत मातीची परीक्षाही होते. खरी शाडू भिजून खाली बसते. प्लास्टर मात्र पाण्याशी संयोग पावून घट्ट जिप्सम झालेले असते. ते लिटरभर पाण्यात जेमतेम दोन ग्रॅम विरघळते, त्यामुळे त्याचे कठीण तुकडे तसेच राहतात. मातीवर व्हिनेगरचे थेंब टाकून बुडबुडे आले तर खडूच्या भुकटीची शंका घ्या, पण लगेच निर्णय देऊ नका. नैसर्गिक मातीतही चुना असू शकतो. एका परीक्षेवर निकाल देऊ नये, हा शास्त्राचा नियमच आहे.

पाटीवरचे ‘शुद्ध’ वाचून थांबू नका. यंदा बादलीत काय उरते ते पाहा, आणि उरलेली माती परत देऊन या. पुढच्या वर्षीचा गणपती त्याच मातीतून घडेल.