'गारवा' आणि आमचा पाऊस

अभ्यासक्रमात नसलेली, समीक्षेने फारशी गांभीर्याने न घेतलेली, आणि तरीही मराठी घेऊन शिकणाऱ्या बहुतेक मुलामुलींना तोंडपाठ असलेली कविता कोणती, असे कुणी विचारले तर आमचे उत्तर ठरलेले आहे: सौमित्र यांची 'बघ माझी आठवण येते का'. ती ज्या नावाशी कायमची जोडली गेली तो 'गारवा' हा गीतसंग्रह १९९८ साली आला. शब्द सौमित्र म्हणजेच किशोर कदम यांचे, संगीत आणि गायन मिलिंद इंगळे यांचे. यंदाच्या पावसात, मालवणात बसून, आम्ही तो पुन्हा सलग ऐकला. कॉलेजवयातले गोड खूळ म्हणून त्याला हसून बाजूला सारणाऱ्या प्राध्यापकांशी आमचे भांडण आहे.

शीर्षकगीताची बांधणी पाहावी. त्याची सुरुवात पावसाने होत नाही, उन्हाने होते. कदम गात नाहीत, बोलतात. तेही दारात उभे राहून शेजाऱ्याशी हवापाण्याचे बोलावे तसे. मग आभाळ भरून येते, जुने काही वर येते, आणि बोलणे जिथे अपुरे पडते नेमके तिथे इंगळे यांचा स्वर सुरू होतो. साज त्या दशकातल्या पॉपचाच, आज ऐकताना काही ठिकाणी पातळ वाटणारा. पण बोलण्यातून गाण्यात शिरण्याची ही जागा आपल्याला परकी नाही. कीर्तनकार निरूपण करता करता पदावर येतो, तीच ही वाट.

आणखी एक धागा आमच्या जिल्ह्यातूनच जातो. विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट यांनी एकत्र काव्यवाचने करून कविता पुस्तकातून सभागृहात आणली. या तिघांपैकी दोघे सिंधुदुर्गाचे. विंदा देवगड तालुक्यातल्या धालवलीचे, पाडगावकर वेंगुर्ल्याचे. (लिज्जत पापडाच्या जाहिरातीसाठी पाडगावकर वर्षानुवर्षे पावसावरची कविता लिहीत, आणि त्यावरून नाके मुरडणारेही पुष्कळ होते.) 'गारवा'ने कवितेला सभागृहातून कॅसेटमध्ये आणि कॅसेटमधून एकट्या माणसाच्या कानात नेले. हजारांच्या सभेत विनोदाला आणि उपहासाला दाद मिळते. कानात हेडफोन असलेल्या एकट्यापाशी कुजबुज चालते. 'गारवा'चा हळवेपणा हा कवीच्या स्वभावाइतकाच या माध्यमाचाही परिणाम आहे.

हळवेपणाच्या आरोपाचे उत्तर 'बघ माझी आठवण येते का'च्या व्याकरणात सापडते. ती जवळजवळ सगळी आज्ञार्थात चालते. खिडकीत जा, भिज, समुद्रावर जा, घरी परत ये. एका परक्या संसारातल्या स्त्रीला हा पुरुष तिच्या घरात कसे वागायचे ते सांगतो आहे. इथे एक आक्षेप रास्त आहे, आणि वर्गात मुलीच तो आधी घेतात: तिला स्वतःला काय वाटते ते कविता कुठेच विचारत नाही. मात्र या आज्ञांमागे कसलाही अधिकार नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते. ज्याचे कुणी ऐकणार नाही तोच असा हुकूम सोडत राहतो. प्रत्येक आज्ञेनंतर येणारा तोच प्रश्न त्या हुकमातली हवा काढून घेतो. आमच्या मते कवितेचे बळ या विसंगतीत आहे. पावसाचे वर्णन तिथे निमित्तमात्र.

आणि तरीही हा पाऊस आमचा नाही. तो खिडकीतला आहे. मालवणात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झाकलेल्या असतात, बाजारात सुक्या मासळीचा वास असतो, आणि दर्या केव्हा निवळेल याकडे डोळे लागलेले असतात. वर घाटाकडे सरकावे तर तरवा काढून लावणीला वाकलेल्या बायकांच्या पाठीवर तो दिवसभर कोसळतो. इथे भिजण्यासाठी कुणाला सांगावे लागत नाही.

आरती प्रभूंना हे ठाऊक होते. बागलांच्या राईत १९३० साली जन्मलेल्या, कुडाळात खानावळ चालवलेल्या या कवीची 'ये रे घना' हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत आणि आशा भोसले यांच्या आवाजात घरोघर पोचली. तीही पावसाला बोलावते. पण बोलावतानाच वारा आपली फुले कुस्करील अशी धास्ती तिच्यात आहे. सौमित्रांचा पाऊस गेलेले काही परत आणून देतो, आरती प्रभूंचा असलेलेही नेऊ शकतो. दोन्ही कविता गाण्यांतून लोकांपर्यंत गेल्या. एकीचा अभ्यास होतो आणि दुसरीची टवाळी, याचे कारण काव्यगुणांत जितके आहे तितकेच तंबोरा आणि कीबोर्ड यांच्या प्रतिष्ठेतही आहे, असा आमचा संशय आहे.

जूनमध्ये वर्ग सुरू झाले की शिक्षकांनी ही दोन्ही ध्वनिमुद्रणे एकाच तासाला लावून पाहावीत. 'गारवा'चा छापील मजकूर आधी वाटू नये; कदम कुठे थांबतात ते मुलांनी कानांनी टिपून ओळी स्वतः पाडाव्यात. विसांपैकी दोघांच्याही ओळी सारख्या पडल्या तर नवल.