फुकटच्या हाकेची किंमत

मोबाइलवर अहोरात्र येणाऱ्या सूचनांचा, म्हणजेच नोटिफिकेशनचा, सुळसुळाट ही केवळ वैयक्तिक कटकटीची बाब आहे, असे मानण्याचा प्रघात पडला आहे. ज्याला त्रास होतो त्याने त्या बंद कराव्यात, असा सल्लाही सहज दिला जातो. वस्तुतः हा प्रश्न व्यक्तीच्या संयमाचा नसून अर्थव्यवहाराचा आहे.

ॲपलने 2009 मध्ये आयफोनसाठी ही सोय खुली केली. पुढच्याच वर्षी गूगलने अँड्रॉइडसाठी तशीच यंत्रणा आणली. त्यामागील कारण रास्त होते. प्रत्येक ॲप आपापल्या सर्व्हरकडे वारंवार विचारणा करीत राहिले, तर बॅटरी लवकर संपते. त्याऐवजी एकच जोडणी खुली ठेवून सर्वांचे निरोप त्याच वाटेने आणावेत, ही योजना निर्विवाद काटकसरीची होती. परंतु पत्राला तिकीट लागते, व्यापारी एसएमएसला दर पडतो. गूगलच्या या यंत्रणेतून निरोप धाडण्यास मात्र शुल्क नाही. लाखोंना हाक मारण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला, की हाका वाढणारच. अर्थात खर्च नाहीसा झालेला नाही. तो ग्राहकाच्या एकाग्रतेवर लादला गेला आहे. माहितीच्या सुकाळात लक्षाचा दुष्काळ पडतो, हे हर्बर्ट सायमन यांनी 1971 मध्येच दाखवून दिले होते.

हलके नाणे चांगल्या नाण्याला चलनातून हुसकावते, हा ग्रेशॅमचा नियमही येथे लागू पडतो. सवलतींच्या हाकांना विटलेला ग्राहक त्या ॲपच्या सगळ्याच सूचना बंद करतो. मग खात्यातून पैसे गेल्याची सूचनाही त्याच्यापर्यंत वेळेवर पोहोचत नाही. उपाय तंत्रात नाही असे नव्हे. अँड्रॉइडने 2017 पासून सूचनांची प्रकारवार विभागणी करण्याची सोय दिली, 2022 पासून आयफोनप्रमाणे आधी परवानगी मागणेही आवश्यक केले. परंतु व्यवहार आणि जाहिरात एकाच प्रकारात घालणाऱ्या ॲपपुढे ही सोय निरुपयोगी ठरते.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाची 2018 ची नियमावली व्यापारी कॉल आणि एसएमएस यांना बांधते; ॲपच्या सूचना तिच्या कक्षेबाहेर राहतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये 13 फसव्या प्रथांना मनाई केली. त्यांत खोटी निकड आणि सततचा तगादा यांचा समावेश आहे, ही आशेची बाब होय.

सूचनांवर शुल्क बसवावे, असे कोणी सुचवील. त्याचा भार बड्या कंपन्या सहज सोसतील आणि छोटा दुकानदार मात्र भरडला जाईल. त्यापेक्षा व्यवहार आणि जाहिरात यांचे मार्ग सक्तीने वेगळे करावेत, जाहिरातीसाठी स्वतंत्र संमती घ्यावी आणि नकार देणे होकाराइतकेच सोपे असावे. दाराची कडी घराच्या आतल्या बाजूस असते. ती फेरीवाल्याच्या हाती देऊन घरमालकालाच सावध राहण्याचा उपदेश करणे न्यायाचे नव्हे.