खापर सैतानाच्या माथी

गेल्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या रात्री, आमच्या घरातल्या तरुण मंडळींनी दिवे मालवले आणि 'द नन' नावाचा चित्रपट लावला. फराळाची बशी घेऊन मीही मागे बसलो. माझी नऊ वर्षांची नात झोपली आहे अशी सर्वांची समजूत होती. ती दाराआडून पाहत होती हे मागाहून कळले. सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा तिने मला हळूच विचारले, "आजोबा, आमच्या सिस्टर रात्री कुठे जातात हो?"

या सिस्टर मला ठाऊक आहेत. साठी उलटलेली, गुडघ्यांनी दावा मांडलेला. रात्री त्या कुठे जाणार? गणिताच्या वह्या तपासतात आणि गुडघ्यांना तेल चोळतात.

मी ख्रिस्ती नाही, आणि मठांचा कैवार घेण्याचे मला काही कारण नाही. लहानपणी मी ज्या शाळेत होतो तिथल्या एका सिस्टरने माझ्या बोटांच्या पेरांवर उभी पट्टी मारली होती. अपराध हा की मी वर्गात मराठीत बोललो. ती कळ मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते भक्तीपोटी नव्हे. हे चित्रपट मठांची फार बदनामी करतात ही तक्रार तर आहेच. पण माझी खरी तक्रार अशी की, ते मठांना फार स्वस्तात सोडतात.

आधी बदनामीचे पाहू. 'द नन' 2018 सालचा. त्यातला सैतान वालाक नावाचा. हे नाव युरोपातल्या जुन्या मंत्रतंत्राच्या पोथीतले आहे, आणि त्या पोथीतला वालाक कसा दिसतो? देवदूताचे पंख असलेला एक लहान मुलगा, दोन तोंडांच्या सर्पासुरावर बसलेला! त्याच्या अंगावर काळा झगा आणि डोक्यावर ननचे वस्त्र चढवले ते हॉलिवुडने. पोथीतल्या त्या पोराला पाहून कोण घाबरणार? ननच्या वेषाला मात्र लोक घाबरले, आणि चित्रपटाने जगभर 36 कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमवला.

कथा घडते रुमानियात, 1952 साली, कार्त्स नावाच्या मठात. त्या नावाचा मठ ट्रान्सिल्व्हानियात खरोखरच होता. पण तो सिस्टर्शियन पंथाच्या पुरुषांचा, आणि 1474 सालीच बंद पडलेला. ते सोडून देऊ. कथेला तेवढी मोकळीक असावीच. पण 1952 सालचा रुमानिया! तिथल्या साम्यवादी राजवटीने 1948 साली ग्रीक-कॅथलिक पंथच कायद्याने बुडवला होता, त्याच्या बिशपांना तुरुंगात टाकले होते आणि पुढल्याच वर्षी कॅथलिक संन्यासी पंथांवर कुऱ्हाड घातली होती. कैदेत झिजून मेलेल्या सात बिशपांना पोप फ्रान्सिस यांनी 2019 साली, त्याच देशात जाऊन, धन्य हुतात्म्यांच्या मालिकेत बसवले. त्या काळी रुमानियातल्या मठाच्या दारावर मध्यरात्री थाप पडली तर आतल्या बाईला ठाऊक असे की बाहेर गुप्त पोलीस आहेत. चित्रपटाच्या कथेला त्या राजवटीशी काही कर्तव्य नाही. जिथे खरे भय दारात उभे होते, तिथे या गृहस्थांनी तळघरातून खोटे भय उकरून काढले.

हा धंदा सिनेमावाल्यांनीच काढला असे मात्र नव्हे. मठाच्या तळघरात काहीतरी भयंकर आहे ही कथा फार जुनी. 1834 सालच्या ऑगस्टात, बॉस्टनजवळ चार्ल्सटाउन येथे, एका ननला मठात बळेच कोंडले आहे अशी आवई उठली, आणि जमावाने उर्सुलाइन पंथाचा मठ जाळून टाकला. त्यात मुलींची शाळा होती. ननना आणि मुलींना रात्रीच्या अंधारात पळावे लागले. दोनच वर्षांनी मारिया मंक नावाच्या बाईच्या नावावर एक पुस्तक निघाले: मॉन्ट्रिअलच्या मठात पाद्री भुयारातून येतात, जन्मलेली अर्भके गळा दाबून मारतात, चुन्याच्या खड्ड्यात टाकतात. विल्यम स्टोन नावाचा एक वृत्तपत्रकार, स्वतः प्रोटेस्टंट, मुद्दाम तिथे जाऊन मठ कानाकोपऱ्यापर्यंत पाहून आला आणि सर्व बनावट आहे असे त्याने छापले. पुस्तकाचा खप काही थांबला नाही. खोट्याला तळघर दिले की ते खरे वाटते!

"मग मठांत वाईट काही घडलेच नाही काय?" असे सुज्ञ वाचक विचारतील. घडले, आणि माझ्या तक्रारीचे मर्म तिथेच आहे.

आयर्लंडात 'मॅग्डालेन' धोबीखाने होते. ननच्या देखरेखीखाली तिथे बायका कपडे धूत, इस्त्री करीत; मजुरी नाही, आणि बाहेर पडण्याची सोय नाही. कोणी लग्नावाचून आई झालेली, कोणी पोरकी, कोणी नुसतीच 'वळण बिघडेल' अशा संशयाची. यांतला शेवटचा धोबीखाना 1996 साली बंद झाला. 1993 साली डब्लिनमधल्या एका मठाची जमीन विकली गेली तेव्हा तिथून 155 बायकांची प्रेते उकरून हलवावी लागली. कितीकींच्या मृत्यूची सरकारदरबारी नोंदही नव्हती. ट्यूअम गावी नन चालवीत असलेल्या माता-बालक गृहात 1925 ते 1961 या काळात 796 मुले दगावली. कॅथरिन कॉर्लेस या स्थानिक इतिहास-अभ्यासक बाईंनी दाखल्यामागून दाखला मिळवून त्यांची नावे जुळवली. 2017 साली तिथे सांडपाण्याच्या जुन्या बांधकामाशी जोडलेल्या भूमिगत कप्प्यांत बालकांचे अवशेष सापडले, आणि रीतसर उत्खनन सुरू व्हायला 2025 साल उजाडले.

यात सैतान कुठे आहे? तळघर आहे, प्रेते आहेत, काळे झगे आहेत. सैतान तेवढा नाही. मुलींना तिथे पोचवणारे बाप होते, भाऊ होते, गावचे पाद्री होते. ज्यांच्या येण्याची वाट ठाऊक आहे अशा बायकांपैकी सुमारे चौथाई सरकारच्या हातून तिथे पोचल्या, असे 2013 सालच्या चौकशीत निघाले. आणि शुभ्र चादरींवर झोपणारी हॉटेलातली गिऱ्हाइके होती. (आपण नाके मुरडू नयेत. 1863 साली जोतीराव फुल्यांना पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावे लागले, ते इंग्रज बायकांसाठी नव्हे.)

आता हेच भयपटाच्या साच्यात घाला. वरिष्ठ सिस्टरच्या अंगात सैतान शिरतो. बाप सुटला, गाव सुटले, सरकार सुटले, सिस्टरही सुटली. कारण ती 'ती' नव्हतीच! शेवटच्या पंधरा मिनिटांत कोणीतरी पवित्र अवशेष घेऊन धावतो आणि पाप फटाक्यासारखे उडून जाते. 'द नन'मध्ये तर प्रत्यक्ष येशूचे रक्त वापरले आहे. ट्यूअमच्या खड्ड्यावर हे औषध चालले असते काय?

मी भयपटांचा शत्रू नव्हे. येझी कावालेरोविच या पोलिश दिग्दर्शकाचा 'मदर जोन ऑफ द एंजल्स' हा 1961 सालचा चित्रपट पाहावा. फ्रान्समधल्या लुदाँ गावी 1634 साली उर्सुलाइन ननच्या 'भूतबाधे'वरून उर्बां ग्रांदिए या पाद्र्याला जिवंत जाळले. गावचा तट पाडण्याच्या राजाज्ञेला विरोध करून त्याने कार्डिनल रिशेल्यूचा रोष आधीच ओढवून घेतला होता. त्या प्रकरणाच्या छायेत, पोलंडात घडवलेली ही कथा आहे. मठ उजाड, झगे पांढरे, रक्त जवळजवळ नाही. भूत उतरवायला आलेला पाद्री त्या बाईवर जीव लावून बसतो, आणि तिची बाधा आपल्या अंगावर राहावी म्हणून दोन निरपराध माणसांना कुऱ्हाडीने मारतो. सैतान खरा की खोटा हे चित्रपट सांगत नाही. कुऱ्हाड मात्र माणसाच्या हातात दाखवतो. तो पाहून मला दोन रात्री झोप लागली नाही. 'द नन' पाहून मी वर एक करंजी खाल्ली होती.

नातीला मी तेल चोळण्याचे सांगितले. तिचा विश्वास बसला नाही. "मग सिनेमातली ती कोण होती?" म्हणाली. "नटी," मी म्हटले, "तोंडाला रंग लावून काम करणारी." यंदा आम्ही दोघे सिस्टरांकडे फराळाचा डबा घेऊन जाणार आहोत. चकली त्यांना चावत नाही, म्हणून बेसनाचे लाडू. घरातल्या तरुण मंडळींनी मात्र आतापासूनच 'द नन'चा दुसरा भाग काढून ठेवला आहे. त्या रात्री दाराला आतून कडी घालायची, एवढे मी सुनेकडून कबूल करून घेतले आहे.