नाण्यावरचा चेहरा

अहिल्याबाई होळकरांच्या जन्मत्रिशताब्दीनिमित्त ३१ मे २०२५ रोजी भोपाळ येथे तीनशे रुपयांचे स्मारक नाणे प्रकाशित झाले. त्यावर त्यांची मुखमुद्रा आहे. शासकीय उपचाराची एवढी चिकित्सा कशाला, असे कुणी म्हणेल. परंतु जिची ओळखच मुळी घाट, विहिरी, धर्मशाळा आणि काशीविश्वेश्वराचे मंदिर ही आहे, तिच्या स्मरणार्थ निव्वळ चेहरा पुढे करावा, हे मला खटकते.

खुद्द बाईंच्या राज्यात पाडलेली नाणी पाहावीत. मल्हारनगर टाकसाळीच्या रुपयावर नाव आहे दिल्लीच्या शाहआलम बादशहाचे. खूण शिवलिंगाची आणि बेलपानाची. हा केवळ विनय होता असे नव्हे, बादशहाच्या नावे नाणे पाडणे ही त्या काळची सार्वत्रिक रीतच होती. तरीही बाईंचे नाव लोकांपर्यंत पोचले ते घाटांच्या पायऱ्यांवरून, हे विसरता येत नाही.

लोकोपयोगी कामांची नोंद आपल्याकडे दगडावर होई. क्षत्रप नहपानाचा जावई ऋषभदत्त याने इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर लोकांसाठी विनामूल्य होड्या ठेवल्या, असे नाशिकच्या पांडवलेण्यातील शिलालेख सांगतो. सासऱ्याच्या चांदीच्या नाण्यांवर मात्र चेहरा. १९०६ साली जोगळटेंभी येथे अशी तेरा हजारांवर नाणी सापडली आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. चेहरा पुसला गेला. होड्यांची नोंद आजही वाचता येते.

रोमच्या ट्राजनाने निराळी वाट धरली. नाण्याच्या एका बाजूस तो स्वतः होताच (सम्राटच तो!), पण दुसऱ्या बाजूस त्याने आपण बांधलेले षट्कोनी बंदर कोरविले, जहाजांसकट. आणि हे पितळी नाणे बाजारात फिरत असे.

आम्हां उरणकरांना ऋषभदत्ताच्या होडीचे मोल वेगळे सांगायला नको. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचसाठी आम्ही आजही रांगेत उभे राहतो. एखाद्या पाच-दहा रुपयांच्या चलनी नाण्यावर महेश्वरचा घाट कोरला असता, तर तो त्या तिकीट-खिडकीपर्यंतही सहज पोचला असता. तीनशे रुपयांचे नाणे चलनासाठी नाहीच. ते संग्राहकांच्या पेटीत राहील.