आठवणींच्या वेशीवरचा टोलनाका

९९९ डॉलर. 'मॅजिक: द गॅदरिंग' या कार्डांच्या खेळाच्या तिसाव्या वर्धापनदिनानिमित्त २०२२ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्टने चार पाकिटांना लावलेली ही किंमत. एका पाकिटात १५ कार्डं, म्हणजे सगळी मिळून ६०. १९९३च्या जुन्या कार्डांची ही पुनर्छपाई. पाठ वेगळी, त्यामुळे अधिकृत स्पर्धेत ती चालत नाहीत. सगळ्यांना हवं असलेलं 'ब्लॅक लोटस' हे कार्ड निघेलच याची हमीही नाही. ज्यांच्या निष्ठेवर हा खेळ तीस वर्षं जगला, त्यांच्याच आठवणींच्या वेशीवर कंपनीनं टोलनाका बसवला. याला उत्सव म्हणायला मी तयार नाही. ही वसुली होती.

माझा राग आठवणींवर नाही. रावनिका हे अफाट शहर २००५ साली खेळात आलं. त्यातले दहा संघ खेळाडूंच्या बोलण्यात इतके मुरले की आजही निळ्या-लाल डेकला सगळे त्यातल्या एका संघाच्या नावानं 'इझेट'च म्हणतात, मग त्यातली कार्डं कुठल्याही संचातली असोत. अशा शहरात परत जावंसं वाटणं स्वाभाविक आहे. २०१२ मध्ये गेलो, २०१८-१९ मध्ये गेलो. २०२४ मध्ये चौथ्यांदा नेलं, तेव्हा शहराचा प्राण असलेले संघ मागे सारले आणि पुढे केल्या गुप्तहेरांच्या टोप्या, कोट आणि खुनाचा तपास. ओळखीचं नाव दाखवून खेळाडूंना बोलावायचं आणि ज्यासाठी ते आले तेच घराबाहेर ठेवायचं, ही फसवणूक आहे.

परतायचं कसं, हे याच कंपनीला येतं. कामिगावा या जगाचे संच २००४-०५ मध्ये आले आणि फसले. तिथं परत जाण्याची शक्यता फार कमी, असं मुख्य डिझायनर मार्क रोझवॉटर वर्षानुवर्षं सांगत राहिले. खेळाडू मागत राहिले. २०२२ मध्ये 'निऑन डायनेस्टी' आला तेव्हा त्या जगात बाराशेहून अधिक वर्षं उलटली होती. देवराया आणि आत्मे होतेच, पण शेजारी निऑनचे दिवे आणि यंत्रमानव उभे होते. जुनं आणि नवं यांचं भांडण हाच त्या संचाचा विषय होता. खेळाडूंनी तो डोक्यावर घेतला, कारण आपण नसतानाही ते जग जगत राहिलं होतं.

आता माझं खरं दुखणं. २०१६ मध्ये कलादेश आलं. भारतीय प्रेरणेचं जग, तारकामाची यंत्रं, शोधांची जत्रा. चंद्रा नालार ही नायिका २००७ पासून खेळात होतीच, पण तिच्या घराचे रस्ते तेव्हा पहिल्यांदा मनसोक्त हिंडता आले. पिया, किरण, साहिली, रश्मी ही पात्रांची नावं वाचताना माझी जीभ पहिल्यांदाच अडखळली नाही. पुढच्याच संचात पियाच्या बंडखोरांनी सत्ता उलथवली. त्या जगानं नवं नाव घेतलं, आविष्कार. मराठीत या शब्दाला आत दडलेलं प्रकट होण्याचा अर्थ आहे. क्रांतीनंतर तिथं काय प्रकट झालं, बंडखोर खुर्चीवर बसल्यावर काय झाले, जुन्या अधिकाऱ्यांचं काय झालं, हे मला हवं होतं. आठ वर्षं वाट पाहिल्यावर २०२५ मध्ये मिळाली मोटारींची शर्यत. तीन जगांतून धावणारी, त्यातलं एक आविष्कार. रावनिकाच्या वाट्याला संचामागून संच, आणि आमच्या वाट्याला धावत्या गाडीच्या खिडकीतून दिसलेलं गाव.

धंदा आहे, ओळखीचं तेच खपतं, असं समर्थन मी ऐकलं आहे. ते मला मान्य नाही. २००५ मध्ये रावनिका कुणाच्याच ओळखीचं नव्हतं. कुणीतरी धोका पत्करला म्हणून आज ते विकता येतं. आणि २०२५ चा हिशेब मांडा. सहा मुख्य संच. त्यातले तीन उसन्या जगांचे: फायनल फँटसी, स्पायडर-मॅन, अवतार. उरलेल्यांपैकी ती शर्यत आणि तारकीर या जुन्या जगाचा संच जुन्या ओळखीवर उभे. पूर्णपणे नवी भूमी एकाच संचात. सगळं बियाणंच दळून खाल्लं तर वीस वर्षांनी आजच्या पोरांना परतायला कुठलं गाव असणार आहे?

दोष आपलाही आहे. बंद डब्यावर ओळखीचं नाव दिसलं की आपण आत काय आहे हे न विचारता पैसे मोजतो. मी ते थांबवलं आहे. यापुढे कुठलंही जग परत आलं की माझा एकच प्रश्न असेल: मी नसताना इथं काय घडलं? उत्तर असेल तर मी आनंदानं पाकीट फोडेन. नसेल, तर माझ्या आठवणी माझ्या जुन्या डब्यात आहेत, आणि त्या मी आधीच विकत घेतलेल्या आहेत.