बस मोजता, बाईचा प्रवास कधी मोजणार?

शहर बससेवेचा प्रश्न निघाला की आकडे पुढे केले जातात. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २००९ साली मापदंड ठरवले. दर हजार लोकसंख्येमागे ०.६ किंवा त्याहून जास्त बस असतील तर शहर पहिल्या दर्जाचे. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या होती ९,५१,५५८. म्हणजे सुमारे ५७० बस हव्यात! पण आमचे भांडण केवळ संख्येशी नाही, मोजण्याच्या पद्धतीशी आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या विकास-उद्दिष्टांत म्हटले आहे की वाहतुकीची सोय स्त्री, पुरुष, वय, अपंगत्व अशी वेगवेगळी मोजावी. ऐकायला छान! पण मोजतात काय, तर घरापासून पाचशे मीटरच्या आत थांबा आहे का? नवरा-बायको एकाच घरात राहतात, अंतर दोघांना सारखेच. मग बाईची अडचण ह्या आकड्यात दिसणार कशी? थांबा जवळ आहे. पण बस कधी येते, तिकीट परवडते का, अंधारात तिथे उभे राहता येते का, हे कोण विचारणार?

सोलापुरात हजारो बायका विडी वळतात. कारखान्यातून पाने-तंबाखू आणायची, घरी विड्या वळायच्या, परत नेऊन द्यायच्या. त्याच फेरीत रेशन, दवाखाना, पोराची शाळा. हा प्रवास तुकड्यातुकड्यांचा, हातात ओझे घेऊन केलेला. तो सरकारदरबारी आहे कुठे? २०११ च्या जनगणनेत कामाचे अंतर आणि प्रवासाचे साधन फक्त ‘इतर कामगारां’चे मोजले. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले लोक वगळले. घरी विडी वळणारी ‘घरगुती उद्योगा’च्या रकान्यात गेली की तिचा प्रवासच संपला!

कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांनी लढून १०,००० घरे मिळवली; २००६ साली ती त्यांच्या हाती आली. तिथेच ३०,००० घरांच्या रे नगरमधली पहिली १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. घर मिळाले, पण शहराच्या हद्दीबाहेर. मोठ्या दवाखान्याला, कॉलेजला, बाजाराला शहर लागतेच. बस नसेल तर वडापमध्ये कोंबून जायचे, नाहीतर मुलीचे कॉलेज बंद. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे, पण ती सवलत शहर बससेवेला नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने पीएम ई-बस योजनेत देशभरासाठी १०,००० बस मंजूर केल्या. सोलापूरही त्या योजनेत आहे. नव्या बस जुन्याच मोजपट्टीने सोडल्या तर त्या आपल्या दारावरून रिकाम्या जातील आणि ‘बायका बस वापरत नाहीत’ असे अहवाल लिहिले जातील.

म्हणून आमच्या मागण्या :
१. मार्ग ठरवण्याआधी बायकांच्या फेऱ्या मोजा, दुपारच्या आणि रात्रीच्याही.
२. तिकिटाचा खर्च दिवसाच्या मजुरीशी ताडून पाहा.
३. प्रत्येक थांब्यावरचा दिवा, निवारा आणि थांबावे लागणारा वेळ जाहीर करा.
४. हद्दीबाहेरच्या कामगार वसाहती हिशेबात धरा.

मैत्रिणींनो, महापालिकेची वाट पाहू नका. प्रत्येक गटाने एक थांबा घ्यावा. आठवडाभर सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र वहीत नोंद करावी : बस कधी आली, किती बायका चढल्या, किती पायी गेल्या. त्या वह्या घेऊन परिवहन समितीसमोर जाऊ. आजवर त्यांनी आपल्याला मोजले नाही. आता आपण त्यांना मोजू!